मदतीला धावणाऱ्यांचा जीव कोण वाचवणार? नेरसारख्या गावांत ‘दुसरा अपघात’ टाळण्याचे प्रशिक्षण का हवे?

अपघात दिसला की आपण १०८ किंवा ११२ वर फोन करतो. रुग्णवाहिका येते, पोलीस येतात, गर्दी जमते. पण पुढे रस्ता अडला आहे हे मागून येणाऱ्या चालकाला कोण सांगते? बहुतेक वेळा कुणीच नाही.

दुसरा अपघात म्हणजे काय?

५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंकवर आधीच्या अपघातासाठी रुग्णवाहिका थांबली होती. भरधाव कार तिथे घुसली आणि पाच जण गेले. मदतीला आलेले कर्मचारीही त्यात होते. २० जुलै २०२३ ला अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर अपघात पाहायला जमलेल्या गर्दीत कार शिरली. नऊ जणांचा मृत्यू झाला. बंदोबस्ताला आलेला पोलीस आणि होमगार्डही वाचले नाहीत.

गणित काय सांगते?

ताशी ८० किमी वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन सेकंद धरले, तर ४४ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ६० च्या वर. म्हणजे इशारा किमान १०० मीटर आधी दिसला पाहिजे. गाडीच्या मागच्या चाकाशी ठेवलेला दगड किंवा झाडाची फांदी कामाची नाही.

नेरचा संबंध काय?

अमरावती-यवतमाळ रस्ता नेरमधूनच जातो. एसटी, ट्रक, हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या, सगळे याच रस्त्यावर. गावाबाहेर अपघात झाला, तर सर्वात आधी पोहोचतो तो शेतकरी, ढाबेवाला किंवा पेट्रोल पंपावरचा पोरगा. हे ओळखूनच महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१ मध्ये ‘मृत्युंजय दूत’ योजना आणली. योजना चांगलीच आहे. पण जखमीला कसे उचलायचे याआधी स्वतः कुठे उभे राहायचे, हा पहिला धडा हवा.

प्रशिक्षणात काय हवे?

- मोठी गाडी अपघाताच्या मागच्या बाजूला तिरपी उभी करून आडोसा करणे.
- १०० मीटर आधी त्रिकोण, त्यानंतर शंकू. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.
- चमकणारे जॅकेट घातल्याशिवाय रस्त्यावर पाय नाही.
- एकाने फक्त येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवणे.
- बघ्यांना रस्त्याखाली उतरवणे.

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी असे प्रशिक्षण एकत्र घेतात. तिथल्या सर्व ५० राज्यांत थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना बाजूला सरकण्याचा किंवा वेग कमी करण्याचा कायदा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १० हजारांचा दंड होऊ शकतो. पण तो येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट देण्याबाबत आहे. थांबलेल्या रुग्णवाहिकेपाशी काम करणाऱ्यांचे काय?

वेळ वाया जाईल?

‘जखमी तडफडतोय आणि त्रिकोण कसले लावता?’ हा प्रश्न रास्त आहे. पण दोघे असतील, तर एक जखमीकडे आणि एक मागे जाऊ शकतो. मदत करणाराच चाकाखाली गेला, तर जखमीला नेणार कोण?

पोलीस ठाणे, नगर परिषद, १०८ चे कर्मचारी आणि गावोगावचे दूत यांना एक दिवस एकत्र बसवायला मोठा निधी लागत नाही. शंकू, जॅकेट आणि बॅटऱ्याही महाग नाहीत. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी नेरने हे करून दाखवावे.