पडद्यामागचें न्यायासन

कोर्टाची पायरी चढावी लागूं नये, असें आपल्याकडील प्रत्येक गृहस्थास वाटत असतें. परंतु जेथें वकील नाहीं, पुरावा नाहीं, अपील नाहीं आणि दिलेला निकाल कोठें लिहूनही ठेवीत नाहींत, अशीं न्यायासनें जगांत सरकारी न्यायालयांहून किती तरी अधिक आहेत. वसतिगृहांत, कचेरींत, पलटणींत आणि घराच्या माजघरांतही तीं भरतात. त्यांतील एका चमत्कारिक न्यायासनाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें अमेरिकेंतील धंदेवाईक मल्लांच्या कपडे बदलण्याच्या खोलींत भरत असे.

प्रथम या धंद्याचें स्वरूप सांगितलें पाहिजे. आपल्या तालमींतील तांबड्या मातीची कुस्ती निराळी आणि ही निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जत्रांतून आणि फिरत्या खेळांतून ती वाढली. तिच्यांत कोण जिंकणार हें आधींच ठरलेलें असतें; वैरी म्हणून समोरासमोर उभे राहणारे दोघे मल्ल वस्तुतः एकाच नाटकाचे नट असतात. मात्र या नाटकांतलें पडणें खरें असतें. उचलून आपटला जाणारा गडी आपली मान दुसऱ्याच्या हातीं देतो, आणि तो हात थोडा चुकला तर जन्माचें पंगुत्व येतें. म्हणून या धंद्यास दोन गोष्टी हव्या असतात : बाहेरच्यांपासून गुप्तता आणि आंतल्यांवर भरंवसा.

गुप्तता किती कडक होती तें एका प्रसंगावरून दिसेल. सन १९८४ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें जॉन स्टॉसेल या वार्ताहरानें डेव्हिड शुल्ट्झ या मल्लापाशीं, हें सर्व लटकें असावें, असें बोलून दाखविलें. शुल्ट्झनें त्याच्या दोन्ही कानांवर सणसणीत तडाखे लगावले. पुढें सन १९८९ त करमणुकीचा धंदा म्हणून सवलत मिळावी यासाठीं कंपनीनेंच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें तें गुपित कबूल केलें. सुमारें चार वर्षांपूर्वीं जें बोलल्याबद्दल एकास मार बसला, तेंच मालकांनीं सोयीचें होतांच स्वतः सांगून टाकलें! नवख्याची परीक्षाही अशीच कठोर असे. कॅनडांतील कॅल्गरी येथें स्टू हार्ट या नामांकित वस्तादांच्या घराच्या तळघरांत तालीम चाले. तेथें येणाऱ्या तरुणांस ते पेंचांत असे आवळीत कीं, त्यांच्या किंकाळ्यांच्या कथा त्या धंद्यांत दंतकथा होऊन बसल्या आहेत.

अशा भूमींत ‘मल्लांचें न्यायालय’ उगवलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि पुढेंही कांहीं वर्षें त्याची भरभराट होती, आणि तीही आज डब्ल्यूडब्ल्यूई या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनींत. ‘अंडरटेकर’ या सोंगानें तीस वर्षें गाजलेले मार्क कॅलवे हे न्यायाधीश, आणि जॉन ब्रॅडशॉ लेफील्ड हे बहुधा फिर्यादीचे वकील. आरोपी बहुतेक नवशिके. अपराध काय, तर खोलींत शिरतांना कोणाशीं हस्तांदोलन करावयाचें राहिलें, कोणा वडीलधाऱ्याचा मान राखला गेला नाहीं. एज आणि ख्रिश्चन या जोडीवर, कथानक रचणाऱ्या लेखकास भेटवस्तू देऊन वश केल्याचा आरोप ठेवण्यांत आला. ते लेखक ब्रायन गेविर्ट्झ यांनीं सन २०२२ तील आपल्या पुस्तकांत त्या खटल्याची हकीकत दिली आहे. दंड बहुधा मद्याच्या बाटल्यांचा किंवा मंडळींच्या खाण्यापिण्याचा खर्च सोसण्याचा असे. सर्वत्र हंशा पिके. मात्र मधोमध उभा राहिलेला हंसे कीं नाहीं, हें कोणी पाहत नसे.

सर्वच प्रकरणें हंशावर सुटलीं नाहींत. ‘मिझ’ या नांवानें खेळणारे मायकेल मिझानिन सन २००६ त या कंपनीच्या मुख्य संचांत आले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांतून ते आले असल्यामुळें जुन्या मंडळींच्या लेखीं ते आयत्या बिळावरचे नागोबा होते. एके दिवशीं खोलींत कोंबडी खातां खातां तिचा चुरा पंचाच्या पिशवीवर सांडला, आणि एवढ्यावरून त्यांस खोलींतून हांकलण्यांत आलें. सुमारें सहा महिने हा गृहस्थ बोळांत आणि आडोशाला कपडे बदलीत होता. आपल्याकडे यास वाळींत टाकणें म्हणतात. ही हकीकत त्यांनीं स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. पुढें २२ नोव्हेंबर २०१० रोजीं हेच मिझ त्या कंपनीचे सर्वश्रेष्ठ विजेते झाले, आणि एप्रिल २०११ त अटलांटा येथील वार्षिक महोत्सवाची मुख्य कुस्ती त्यांचीच झाली. कष्टाळू मनुष्य होता म्हणून टिकला. जे टिकले नाहींत त्यांच्या मुलाखती कोण घेणार?

या न्यायालयाची बाजूही ऐकली पाहिजे. गांवोगांव फिरणाऱ्या, रोज एकमेकांच्या हातीं जीव देणाऱ्या माणसांस शिस्तीची गरज सामान्य माणसाहून अधिक असते. भांडण मालकाच्या कचेरींत गेलें तर कोणाची तरी भाकर जाते. खोलींतल्या खोलींत, थोड्या थट्टेनें मिटलें तर दुसऱ्या दिवशीं सर्वजण एका मोटारींतून पुढच्या गांवास निघतात. ज्येष्ठांस उठून नमस्कार करावा, सामाईक जागा स्वच्छ ठेवावी, दुसऱ्याच्या वस्तूस जपावें, या गोष्टी आम्हांसही मान्य आहेत. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्या निराळ्या सांगावयास नकोत.

तथापि कोणत्याही न्यायासनास आम्ही एक कसोटी लावतों. तेथें कोणास उभें केलें जातें याबरोबरच कोणास कधींच उभें केलें जात नाहीं, हेंही पाहावें. सन १९८६ त जेसी व्हेंचुरा या मल्लानें, जे पुढें मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर झाले, अशाच एका खोलींत सहकाऱ्यांस सांगितलें कीं, आपण आपला संघ स्थापन करावा. ती वार्ता तत्काळ मालकांच्या कानीं गेली आणि संघ जन्मण्यापूर्वींच मेला. ती कोणीं पोहोंचविली हें व्हेंचुरा यांनीं पुढें कंपनीवर लावलेल्या दाव्यांतील मालकांच्या जबानींत बाहेर आलें. तें नांव होतें हल्क होगन, त्या काळचा त्या धंद्याचा शिरोमणि. हें सत्य शपथेवरच्या जबानींतून उजेडांत आलें. खोलींतील वडिलकीस तें काढतां आलें नाहीं. आजही कंपनी या मल्लांस नोकर न मानतां स्वतंत्र कंत्राटदार मानते आणि आजही त्यांचा संघ नाहीं.

दुसरें उदाहरण याहून दुःखद आहे. २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें, वर सांगितलेल्या स्टू हार्ट यांचा धाकटा मुलगा ओवेन, छतावरून दोरानें खालीं उतरण्याचा देखावा करीत असतां सुमारें ७८ फुटांवरून पडून मरण पावला. त्या रात्रीं खेळ थांबला नाहीं. कुटुंबास भरपाई मिळाली ती कंपनीवर सरकारी न्यायालयांत दावा लावल्यावर, सन २००० त, एक कोटी ऐंशीं लक्ष डॉलरांच्या तडजोडीनें. सांडलेल्या चुऱ्याचा निवाडा खोलींत होऊं शकला. गेलेल्या जिवाचा होऊं शकला नाहीं. जो न्याय पाण्यासारखा सदैव खालींच वाहतो, त्यास शिस्त म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय.

कोणी म्हणतील, हा नाटकी कुस्तीचा दोष असेल. खऱ्या कुस्तींत असें होत नसेल. त्यांनीं जपानकडे पाहावें. सूमो ही तेथील शेंकडों वर्षांची खरीखुरी कुस्ती. शिष्य गुरूच्या आखाड्यांतच राहतात; धाकटे थोरल्यांचें जेवण करतात, कपडे धुतात, पाठ चोळतात. तालमीच्या नांवाखालीं धाकट्यास जें झोडपणें चाले, त्यास त्या मंडळींचा शब्द आहे ‘कावाइगारी’, म्हणजे माया करणें! सन २००७ च्या जूनमध्यें इनुयामा येथें तोकित्सुकाझे आखाड्याच्या मुक्कामीं सतरा वर्षांचा एक शिष्य अशा मायेनें मेला. तो पळून जाऊं पाहत होता हा त्याचा अपराध. गुरूनें बिअरची बाटली डोक्यांत घातली आणि थोरल्या शिष्यांनीं धातूच्या बॅटनेंही मारलें. प्रथम आजारानें मृत्यु झाल्याचें सांगण्यांत आलें; बापानें प्रेताची तपासणी करण्याचा आग्रह धरला म्हणून खरें कळलें. गुरूस सहा वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलांत पांचांवर आली.

त्यानंतरची हकीकत आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटते. सन २०१७ च्या ऑक्टोबरांत तोत्तोरी येथें एका मेजवानींत थोर विजेते हाकुहो हे तरुण मल्ल ताकानोइवा यांस उपदेश करीत होते. ताकानोइवा यांनीं मध्येंच हातांतील फोनकडे पाहिलें. त्या उद्धटपणाबद्दल हारुमाफुजी या दुसऱ्या सर्वोच्च पदवीच्या मल्लानें गाण्याच्या यंत्राच्या रिमोटनें त्यांचें डोकें फोडलें. हारुमाफुजी यांस निवृत्त व्हावें लागलें. साऱ्या देशाची सहानुभूति ताकानोइवा यांच्याकडे गेली. पुढें वर्षभरानें, डिसेंबर २०१८ त, आपल्या सेवेंतील धाकट्या मल्लानें सर्दीचें औषध आणलें नाहीं म्हणून त्याच ताकानोइवा यांनीं त्यास मारलें, आणि त्यांसही तो धंदा सोडावा लागला. सन २०२४ त हाकुहो यांच्या स्वतःच्या आखाड्यांत एका शिष्यानें धाकट्यांस मारहाण केल्याचें उघड झालें. त्याबद्दल हाकुहो यांची पदावनति झाली, आणि सन २०२५ त ते त्या संस्थेंतून बाहेर पडले.

वाचकहो, या साखळीकडे नीट पाहा. ज्यानें मार खाल्ला त्यास माराचें दुःख इतरांहून अधिक ठाऊक होतें. तरीही हात उठला. आपण सोसलेलें दुःख मनुष्यास आपोआप दयाळू करतें, ही समजूत चुकीची आहे. तें दुःख चूक होतें असें कोणीं तरी स्पष्ट म्हटलें नाहीं, तर मनुष्य त्यास रीत समजतो आणि रीत म्हणून पुढच्याच्या पदरीं घालतो. ‘आम्ही सोसलें, तुम्हीही सोसा,’ हें वाक्य त्या खोल्यांतच बोललें जातें असें नाहीं. आपल्या आज्यांनीं तें आपल्या सासूंकडून ऐकलें आणि कित्येकींनीं तें आपल्या सुनांस ऐकविलें. महाविद्यालयांच्या वसतिगृहांतही तेंच वाक्य थट्टेचा मुखवटा घालून येतें. आपल्या राज्यास सन १९९९ त रॅगिंगविरुद्ध कायदा करावा लागला तो त्याचमुळें.

शिस्त सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरांत वडीलमाणसाच्या शब्दास वजन नाहीं तें घर फार दिवस एक राहत नाहीं. परंतु तें वजन टिकावें असें वाटत असेल तर तोच नियम वडिलांनीं स्वतःसही लावला पाहिजे. सुनेच्या हातून दूध उतूं गेलें तर बोलणाऱ्यांनीं, मुलाच्या हातून पैसा उतूं गेला तर गप्प बसूं नये. आणि सुटींत घरीं आलेला मुलगा वसतिगृहांतल्या ‘गमती’ सांगूं लागला, तर त्या कोणाच्या जिवावर चालल्या होत्या एवढा एक प्रश्न त्यास अवश्य विचारावा. तो थट्टेच्या मधोमध उभा असेल तर त्यास धीर मिळेल. भोंवतीं हंसणाऱ्यांत असेल, तर मधोमध उभ्या असलेल्याकडे त्याचें लक्ष जाईल.