चालते, पण थांबते का?

मराठीतल्या सगळ्या क्रियापदांत माझा खरा राग आहे तो 'चालते' या क्रियापदावर. आमच्या शेलूबाजारात 'चालते नं भाऊ' म्हटलं की विषय मिटला. चहात साखर कमी? चालते. नोट फाटकी? चालते. (आमच्या काउंटरवर चालत नाही, तो भाग वेगळा.) ब्रेकच्या पाइपाला जोड? तोही चालते! इथे मात्र माझी सक्त हरकत आहे. ब्रेकच्या पाइपाचं काम गाडी चालवण्याचं नाही, थांबवण्याचं आहे.

माझी मारुती 800 वीस वर्षांची. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं कौतुक कपाशीने खुशाल करावं. गाडीच्या पोटाखाली हीच माती पाइपाच्या क्लिपांत जाऊन बसते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. पाइप वरून ठणठणीत, क्लिपखाली पोखरलेला. पाइप म्हणजे तरी काय, पेन्सिलीहून बारीक, पावणेपाच मिलिमीटरची पोलादी नळी! ज्या मेकॅनिकला ती दाखवली (नाव सांगत नाही, एकाच गावात राहायचं आहे) तो म्हणाला, "कायले नवा टाकता साहेब? सडका तुकडा कापतो, फ्रिजचा तांब्याचा पाइप घालतो, दोन पितळी जोड मारतो. दहा वर्षं पाहाचं काम नाही." बरोबरच होतं त्याचं. पाहायला मागे कोणी उरलं तर पाहायचं ना!

आता वाचकहो, मी कॉमर्सचा माणूस. पण आकडे मला कळतात. टायरमध्ये आपण तीस पौंड हवा भरतो. जोरात ब्रेक दाबला की त्या पाइपातला दाब हजार पौंडांच्या वर जातो. शिवाय साधं तांबं सतत हादरे खाऊन कडक होतं आणि एके दिवशी तडकतं. तो दिवस ते आधी कळवत नाही.

खरी मेख आहे पाइपाच्या तोंडाशी. पाइप जिथे बसतो तिथे त्याचं तोंड फुलवावं लागतं, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्रिजवाला एकेरी फुलवतो, ब्रेकला दुहेरी लागतं. म्हणजे तोंडाची कड आधी आत दुमडायची आणि मग तिच्यावर शंकू दाबायचा. आमच्या सौ.ला हे मी सांगायला लागलो तर ती म्हणाली, "म्हणजे करंजीची मुरडच की हो." एका वाक्यात विषय संपवला! नुसती दाबलेली करंजी कढईत फुटते, मुरड घातलेली फुटत नाही. ब्रेकचा पाइप फुटला तर नुसतं तेल खराब होऊन भागत नाही, एवढाच फरक.

दुसरीकडे शहरातली शहाणी मंडळी बजावतात की ब्रेकच्या कामाला घरी हातच लावू नये. हेही मला मान्य नाही. गॅरेजात सहा गाड्या रांगेत असतात आणि सातवा हॉर्न वाजवत असतो. घरी मात्र पाइप कटरने सरळ कापायला, कापलेल्या कडेची बुरशी घासायला, आतला कीस फुंकून काढायला वेळ असतो. सरावाची पहिली चार तोंडं भंगारात टाकायला जीव होत नसेल, त्याने मात्र खुशाल कॅरम खेळावा. माझ्या मेहुण्याने आपल्या गाडीसाठी असं देखणं तोंड फुलवलं की शेजारी बघायला आले. मग त्याला दिसलं, आधी पाइपात ओवायचा नट टेबलावरच आहे.

शेवटी नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं आणि बऱ्यापैकी मजबूत संसार लागतो. मी चाकाशी, सौ. पेडलवर. "दाब." "दाबलं हो." "धरून ठेव." "किती वेळ?" "मी सोड म्हणेपर्यंत." एवढी आज्ञाधारक ती सप्तपदीतही नव्हती.

आणि एक अट. बँकेत जो व्हाउचर लिहितो तो पास करत नाही, मग तो केवढाही हरिश्चंद्र असो. तसंच हे. काम तुम्ही करा, पण इंजीन चालू ठेवून पेडल दाबून धरल्यावर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघायला दुसरा जाणता माणूस बोलवा. त्याची सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

जुगाडाची आरती ओवाळणाऱ्यांना हे सगळं सोवळं वाटेल. "आजवर काय झालं?" असं ते विचारतात. आजवर बाजाराच्या दिवशी गर्दीतून चाळीसच्या वर गाडी जातच नव्हती! पण 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. त्यावर चढायला वाट शेलूबाजारलाच आहे. 5 जून 2025 पासून तर पुऱ्या 701 किलोमीटरचा रस्ता मोकळा आहे. तिथे मोटारीला 120 ची मुभा. वेग तिप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर नऊपट होतं, हे चक्रवाढ व्याज कोणी माफ करत नाही. चाळीसच्या हिशेबाने मारलेले पितळी जोड घेऊन लोक त्या रस्त्यावर चढतात, वर मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लिहितात. आईला पाइप दाखवला होता का?

तेव्हा आज रात्री बॅटरी घेऊन गाडीखाली वाका. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर पाणी असेल अशी मनाची समजूत घालू नका, बोट लावून बघा. निसरडं लागलं तर गाडी जागची हलवू नका. उद्या वाशीमला लग्न असेल तर एस.टी.ने जा. ती थांबते.