आषाढातला ताळेबंद

संकल्प सोडण्यात मराठी माणूस कधी मागे नव्हता. पाडव्याचा मुहूर्त हुकला तर अक्षय्य तृतीया आहे, आणि इंग्रजी वर्षाची पहिली तारीख तर आता घरोघर मान्य झालेली आहे. जुलै उजाडला की मात्र दैनंदिनीचे ते पहिले पान उघडून पाहण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. उरलेल्यांत दोन पंथ दिसतात. एक दैनंदिनी मिटून ठेवतो. दुसरा, वाया गेलेले सहा महिने पुढच्या सहा महिन्यांत भरून काढण्याची नवी प्रतिज्ञा करतो. पहिल्याला आपण आळशी म्हणतो आणि दुसऱ्याची पाठ थोपटतो. आमच्या मते फसगत दुसऱ्याचीच मोठी होते, कारण गेलेला काळ इच्छाशक्तीने परत मिळतो अशी त्याची समजूत असते.

ही समजूत शेतकऱ्याला परवडत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर आदिलाबादच्या दक्षिणेस गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव लागते. इंद्रवेल्ली-उटनूरकडे जाणारा रस्ता तेथूनच फुटतो. पैनगंगेपलीकडचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आज तो तेलंगणात आहे आणि तेथे तेलुगू व गोंडीच्या बरोबरीने मराठी कानी पडते. जमीन काळी, पीक मुख्यतः कपाशीचे, त्याखालोखाल सोयाबीन आणि तूर. मृग लागला की नजर आभाळाकडे. साठ-सत्तर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याखेरीज कपाशी टोबू नये, असे शास्त्र सांगते. पण शेजाऱ्याने टोबली की हात थांबत नाही. मग पावसाने दडी मारली म्हणजे अंकुर करपतो, आणि दुबार पेरणीचा प्रश्न दारात उभा राहतो.

त्या वेळी हा शेतकरी जे करतो, तोच खरा मध्यावरचा ताळेबंद. जूनमध्ये काय ठरवले होते, यापेक्षा हंगाम किती उरला आहे, हे तो आधी पाहतो. मृगानंतर आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. त्याचा तेलुगू शेजारी हीच नक्षत्रे ‘कार्ते’ म्हणून मोजतो. जुलैच्या मध्यापर्यंत सोयाबीन साधते, तुरीला आणखी काही दिवस मिळतात, आणि तेही टळले तर ओल धरून ठेवून रब्बीचा हरभरा. उशिरा लावलेली कपाशी मालकाच्या निर्धाराने लवकर फुटत नाही. शेवटी ओल कमी पडते आणि गुलाबी बोंडअळीला मात्र आयते घर मिळते. म्हणून कपाशी सोडून तुरीकडे वळणाऱ्याला कोणी वचनभंगी म्हणत नाही. त्याचा संकल्प घर आणि जमीन टिकवण्याचा असतो. कपाशी हे त्याचे साधन.

तथापि बदलालाही पैसा लागतो, आणि येथेच दुखणे आहे. देशी कपाशीचे बी घरात राखता येत असे. 2002 मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाल्यापासून संकरित बियाण्याचे पाकीट दरसाल विकत घ्यावे लागते, आणि दुबार पेरणी म्हणजे दुसरे पाकीट, बहुधा उधारीवर. ज्याने पहिल्याच पेरणीत हातचे सारे ओतले, त्याला शहाणपण सुचूनही उपयोग नसतो. आपल्या किनाऱ्यावरचा भातकरी लावणीनंतरही थोडा तरवा राखून ठेवतो, तो याचसाठी. रोपे मेली तर तेथे लावायला दुसरी असावीत. नोकरदार घरात हा राखीव तरवा क्वचितच आढळतो. जानेवारीतच पगाराची शेवटची पै हप्त्यांना बांधलेली असते, मुलाच्या परीक्षेचा एकच मार्ग ठरलेला असतो. मग जुलैत एखादे आजारपण आले की अख्खा बेत कोसळतो.

सार्वजनिक जीवनातही याचा दाखला आहे. डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसने एका वर्षात स्वराज्याची आकांक्षा धरली. पुढच्या वसंतात बेजवाड्याच्या बैठकीत कामाचे आकडे ठरले: टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद, वीस लाख चरखे; मुदत 30 जून 1921. मुदतीअखेर निधी भरला, सभासदसंख्या पुष्कळच अलीकडे राहिली. जुलैअखेर मुंबईत महासमिती बसली, तेव्हा उरलेल्या सभासदांचा आकडा दुप्पट जोराने पुढे ओढण्यात तिने शक्ती घालवली नाही. परदेशी कापडाचा बहिष्कार हे पुढचे काम निवडले, आणि 31 जुलैला परळला होळी पेटली. वर्ष मावळले, स्वराज्य आले नाही. ते आले 1947 मध्ये, गुडीहत्नूरच्या मुलखात 1948 च्या सप्टेंबरात, गोव्यात 1961 च्या डिसेंबरात. कामे आणि मुदती कितीदा बदलल्या! ध्येय बदलले नाही.

आपल्या परंपरेने चातुर्मासाचे नेम चारच महिन्यांचे ठेवले, यातही व्यवहारज्ञान आहे. आषाढीला नव्याने आरंभ करण्याची सोय आहे आणि आवाका आटोक्यातला आहे. वर्षभर पहाटे उठण्याची शपथ मोडलेल्याने कार्तिकीपर्यंत ज्ञानेश्वरीच्या पंचवीस ओव्या रोज वाचल्या, तर त्याला कोणी हसू नये.

राहता राहिला शासनाचा भाग. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील जिल्हावार आकस्मिक पीक आराखडे तयार झाले आहेत. पाऊस दोन, चार, सहा, आठ आठवडे लांबला तर काय पेरावे, हे त्यांत मांडलेले असते. कागद उत्तम आहे. पण चौथ्या आठवड्यात तुरीचे आणि सहाव्यात त्याहून कमी मुदतीच्या पिकाचे बी मंडलाच्या दुकानात असायला हवे, आणि ते घेण्यासाठी पहिले कर्ज थकलेल्यालाही थोडी उचल मिळायला हवी. जिल्हा बँकांनी त्यासाठीची रक्कम मे महिन्यातच वेगळी काढून ठेवावी. पुष्य नक्षत्रात मंजूर झालेला पैसा श्रावणात हाती आला, तर त्याचे बी होत नाही.