तांदळातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव

गेल्या मे महिन्यात एका रात्री दहा वाजता भाचीचा फोन आला. "मावशी, पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे आणि तिकिटावर सासरचं. परवा निघायचंय!" आवाज रडवेला.

लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. नवरा मस्कतला नोकरीला. हिचा पासपोर्ट कॉलेजात असताना काढलेला, व्हिसाही त्याच नावाने आलेला. तिकीट मात्र सासरच्यांनी हौसेने नव्या नावाचं काढलं. एखादं अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त झालं असतं. अख्खं नाव बदलून मिळेना. शेवटी चंद्रपूरहून नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुसरं तिकीट काढलं. पहिल्याचे बहुतेक पैसे बुडाले. वर घरात बोलणी कोणाला? तर हिलाच! "एवढी शिकलेली, कागद बदलून घ्यायला नको होते?"

मैत्रिणींनो, खरं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे, असा आपल्या देशात कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत पूर्ण चालतो. डिसेंबर 2016 मध्ये पासपोर्टचे नियम सोपे झाले, तेव्हा विवाह प्रमाणपत्राची सक्तीही गेली. एप्रिल 2017 मध्ये तर खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं, की लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची गरज नाही. नियम साधा आहे. पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर आणि तेच व्हिसावर. नाव बदलायचंच असेल तर नवीन पासपोर्ट काढावा लागतो. म्हणून तो प्रवासाच्या तोंडावर काढायला जाऊ नये.

मग घोळ होतो कुठे? आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. उखाणा होतो, पेढे वाटले जातात. तांदळातलं नाव एका मिनिटात बदलतं, पण दहावीची सनद, बँक, पॅन, आधार, मतदार यादी यातलं एक आज बदलतं, दुसरं पाच वर्षांनी आणि तिसरं कधीच नाही. एकाच बाईच्या दोन-तीन बाया होऊन बसतात.

विमानात बसणाऱ्या मुलीचं निदान पैशावर निभावतं. आमच्या बचत गटाच्या कामात धानोरा तालुक्यातली एक बाई भेटली. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली तेव्हा तिचं आधार सासरच्या नावाचं आणि बँकेचं खातं माहेरच्या. "बाई, मी एकच हाओ ना? मंग कागद दोन कायले म्हणतेत?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण ऐन तेंदूच्या हंगामात तालुक्याच्या गावी खेप घालायची तर दिवसाची मजुरी बुडते, तिचं अर्धं तिकीट कोण देणार?

शासनाचंही यात एक मन नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आलं. चांगलं झालं. पण त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे पतीचं नाव लावायची जुनी पद्धत तशीच राहिली. घराच्या, जमिनीच्या कागदांवर माहेरचं नाव लावायची मुभा तेवढी दिली. दुसरीकडे, माहेरचं नाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचे कागद नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, अशी केंद्राची एक सूचना होती. तिच्याविरुद्ध 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. स्वतःच्याच नावाला नवऱ्याची हरकत विचारायची, म्हणजे कमालच नाही का?

सासरचं नाव आवडीने लावणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मी स्वतः लावते. त्यात कमीपणा नाही आणि माहेरचं ठेवण्यात उद्धटपणाही नाही. पण ठरवायचं ते तिने, आणि लग्नाच्या आधीच, दोन्ही घरांसमोर. मग एकच नाव सगळीकडे. लग्नाची नोंदणी, खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत, पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. दोन नावांची बाई एकच आहे, हे सांगणारा तोच कागद पुढे कामी येतो. आणि तिकीट कोणीही काढो, पैसे भरायच्या आधी पासपोर्ट स्वतः समोर धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

भाची मस्कतला सुखरूप पोचली. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मी माहेरचंच नाव ठेवणार आहे. सासूबाईंना तुम्ही सांगाल?"

म्हटलं, "सोबत येते हवी तर. पण सांगायचं तूच."