कोशकाराचा खय्याम

माधव जूलियन (१८९४–१९३९) म्हटलं की रविकिरण मंडळ आणि प्रेमकविता आठवते. त्यांच्यातल्या भाषापंडिताची रवानगी आपण संदर्भग्रंथांच्या कपाटात करतो. ही वाटणीच चुकीची आहे. पुण्यात आणि कोल्हापुरात फारसी शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला, आणि मूळ फारसीवरून केलेल्या उमर खय्यामच्या रुबाया त्यानंतर, १९२९ मध्ये. दोनच वर्षांनी ‘द्राक्षकन्या’ आली, ती मात्र फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. एकाच कवीचे दोन अनुवाद कशाला, असं कुणी विचारील. पण फिट्झजेराल्डने सुट्या रुबाया एका सूत्रात ओवून जवळजवळ नवं काव्यच रचलं होतं. मूळ फारसी वाचलेल्या माणसाला दोहोंची सरमिसळ करवली नाही, हा पांडित्याचाच गुण.

पांडित्याने कविता रुक्ष होते, हा आक्षेप जुनाच. पण ‘छंदोरचना’ हा पद्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्यानेच ‘गज्जलांजली’त फारसी वृत्तं मराठीत खेळवली. रशियात मिखाईल गास्पारोव यांनीही पद्याचं शास्त्र आणि अनुवाद असे दोन्ही संसार एकत्रच केले. खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: फारसीचा कोश रचणारा माणूस १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून परकी शब्द निवडून काढायला बसतो, हे कसं? ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. त्यांची सुरुवातीची कविता ज्या शब्दांवर पोसली, त्यांनाच नंतर त्यांनी दार दाखवलं. आमच्या मते त्यात नुकसान मराठीचंच होतं. सुदैवाने कोश शाबूत राहिला.