काठी लपवू नका

मे महिन्यात मढच्या अंगणात ऊन पाय भाजून काढत असतं आणि तेव्हाच फोनवर परदेशातल्या पिओनी फुललेल्या असतात. गुलाबी, कोबीएवढ्या, पाकळ्यांवर पाकळ्या. एकाही रीलमध्ये काठी दिसत नाही. माझं भांडण त्या न दिसणाऱ्या काठीशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मला कुणी सांगितली नव्हती. पिओनी आपल्याकडे फुलत नाही. तिला हिवाळ्यात साधारण ५०० ते १००० तास कडाक्याची, म्हणजे पाचेक अंशांच्या खालची थंडी लागते. त्याशिवाय मुळावरचे डोळे जागेच होत नाहीत. भारतात तिची एक रानजात आहे, पण ती हिमालयात. काश्मीरमध्ये तिला मामेख म्हणतात. माळशेजचं धुकं कितीही रोमँटिक असलं तरी त्याने हे तास भरत नाहीत. तरीही ‘कोणत्याही हवामानात येते’ असं लिहून मुळ्या विकल्या जातात आणि माझ्यासारखे शिकलेले लोक त्या घेतात. मी तीन घेतल्या.

त्या लावायला जागा हवी म्हणून आईची डेलियाची रांग काढली. आईने ते कंद वर्षानुवर्षं जपले होते. फुलून गेल्यावर उकरायचे, राखेत ठेवायचे, पाऊस ओसरला की पुन्हा लावायचे. मी म्हणालो, ‘त्या काठ्या आणि सुतळ्या जरा गावठी दिसतात गं.’ काढलेले कंद गोणपाटाखाली राहिले आणि पावसात कुजले. पिओनीची एक मुळी उगवली, चार पानं दाखवली आणि गेली. बाकीच्या दोन तर जमिनीतच संपल्या.

त्यानंतर मी वाचायला लागलो (नेहमीप्रमाणे, नुकसान झाल्यावर), आणि कळलं की ज्या फुलासाठी मी काठ्या उपटल्या, तेच काठीशिवाय उभं राहत नाही. ‘सारा बर्नहार्ट’ ही १९०६ साली फ्रान्समध्ये लमोआन यांनी आणलेली पिओनी. आजही फुलवाल्यांची लाडकी, आणि पाऊस पडला की हमखास जमिनीला टेकणारी. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाकळ्या वाढवल्या, दांड्याकडे पाहिलं नाही. पावसाचं पाणी पाकळ्यांत साठतं आणि फूल ओल्या फडक्यासारखं लोंबतं. म्हणून तिकडचे माळी कोंब वितभर असतानाच भोवती तारेचं कडं बसवतात. पानं वाढली की कडं झाकलं जातं. कॅमेरा त्यानंतर येतो.

डेलियाचंही तेच. दांडा पोकळ, फूल ताटाएवढं. फूल वाकलं की लोक खत टाकतात, हा अजून एक वेडेपणा. युरिया दिलात तर पाला माजतो आणि दांडा अजूनच लुसलुशीत होतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: आधार लागणार नाही अशी जात लावा. हे उत्तर चुकीचं नाही. जपानच्या तोइची इतो यांनी १९४८ साली शाकीय आणि वृक्ष-पिओनीचा संकर साधला. त्या जातींचे दांडे दणकट असतात. पण स्वतःच्या संकराचं फूल पाहण्याआधीच इतो गेले. बुटका डेलिया, एकेरी डेलिया खुशाल लावा. मला राग येतो तो मोठं फूल हवं आणि काठी नको म्हणणाऱ्यांचा. वजन आपण वाढवलंय, मग ते पेलायची सोयही आपणच करायला हवी.

आणि हे जुन्नर तालुक्यात सांगायची वेळ यावी? इथे टोमॅटोची तारकाठी केल्याशिवाय कुणी पीक घेत नाही. बांबू, तार, सुतळी, त्याचा खर्च, त्याची मजुरी सगळ्यांना तोंडपाठ. त्या शेताला कुणी गावठी म्हणत नाही. मग अंगणातल्या फुलाची काठी का खुपते?

एकदा कळी आल्यावर मी काठी रोवायला गेलो होतो, तेव्हा आईने हात धरला होता. ‘आता कुठं रवतोस? कंदात? काठी आधी रवायची, मग कंद ठेवायचा.’ कोडमध्ये आम्ही हीच चूक करतो. भार आल्यावर आधार शोधतो आणि तो नेमका चालू सिस्टिमच्या पोटात खुपसतो. असो. बाकी कृती सोपी आहे: चार फुटांचा बांबू, दर फुटावर सुतळी, दांडा आणि बांबू यांच्यामध्ये मराठी चारच्या आकड्यासारखा सैल पीळ. करकचून बांधलं तर दांडा तिथेच कापला जातो.

आईने पूर्वी शेजारच्या काकूंना दोन कंद दिले होते. त्यांच्याकडे ते वाढले, त्यातले तीन दसऱ्याला परत आले. सध्या अंगणात नुसत्याच तीन काठ्या उभ्या आहेत. येणारे-जाणारे विचारतात, काय लावलंय?