सोनोग्राफी डॉक्टरनेच का करायची? टेक्निशियन का चालत नाही?

एक्स-रे काढायला गेलात की मशीन टेक्निशियन चालवतो. सीटी स्कॅन, एमआरआयचंही तसंच. रेडिओलॉजिस्ट नंतर फोटो बघून रिपोर्ट लिहितो. सोनोग्राफीत मात्र पोटावर प्रोब फिरवायलाही डॉक्टरच लागतो. जिथे रेडिओलॉजिस्ट ठरावीक दिवशीच येतो, तिथली गरोदर बाई तारीख घेऊन घरी परतते.

ब्रिटनमध्ये गरोदरपणातली बहुतेक सोनोग्राफी प्रशिक्षित सोनोग्राफर करतात आणि रिपोर्टही तेच लिहितात. अमेरिकेत ते फोटो घेतात, निदान डॉक्टर करतो. मग भारतात अडतं कुठे?

कारण आहे गर्भलिंगनिदान

महाराष्ट्राने 1988 मध्येच याविरोधात कायदा केला. केंद्राचा 1994 चा पीसीपीएनडीटी कायदा नंतर आला. मशीनची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म आणि प्रोब ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरच्याच हातात, असा हा बंदोबस्त. डॉक्टरवर खटल्यात आरोप निश्चित झाले तर मेडिकल कौन्सिल त्याची नोंदणी निलंबित करू शकते. टेक्निशियनसाठी अशी देशव्यापी नियामक चौकट 2021 च्या कायद्यापर्यंत नव्हतीच.

तज्ज्ञांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो खरा आहे. सोनोग्राफीत प्रोब कुठे आणि किती तिरका धरला यावर सगळं ठरतं. जे स्क्रीनवर आणलंच नाही, ते नंतर फोटो बघणाऱ्याला कुठून दिसणार?

पण मग ब्रिटनमध्ये हे जमतं कसं? तिथे त्यासाठी खास पदव्युत्तर शिक्षण असतं. म्हणजे कळीचा प्रश्न पदवीपेक्षा प्रशिक्षणाचा आहे. आपल्याकडे तर एमबीबीएस डॉक्टरवरूनही वाद आहे. त्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण सक्तीचं करणारा 2014 चा नियम दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्ये रद्द केला, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आणि 'डॉक्टरच हवा' या अटीने मुली वाचल्या का? महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. 2012 मध्ये गाजलेल्या परळीच्या प्रकरणातले मुख्य आरोपी डॉक्टर दांपत्यच होते.

त्यामुळे निदान सरकारी रुग्णालयांत तरी प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्टने स्कॅन करावा, सगळी चित्रं साठवावीत आणि रिपोर्टवर डॉक्टरने सही करावी, हा पर्याय तपासायला हरकत नाही. त्यासाठी आधी कायदा बदलावा लागेल. आज टेक्निशियनने प्रोब हातात घेतला, तर कारवाई त्याच्यासोबत सेंटरवरही होऊ शकते.